आग्नेयेकडे बघणाऱ्या छत्र्या

चाकणजवळच्या महाळुंगे, खराबवाडी, निघोजे या गावांत कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्यांच्या चाळी आहेत. त्यांच्या कठड्यांवर डिशच्या छत्र्या दाटीवाटीने बसवलेल्या असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पसारा वाटतो. मला तो वाचावासा वाटतो. लांबून सगळ्या एकाच दिशेला बघतात. जवळ गेलं की तोंडं किंचित वेगळी. दक्षिणेकडे जास्त झुकलेली टाटा प्लेची, कारण तिचा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर. जवळजवळ नेमक्या आग्नेयेला असते ती दूरदर्शनच्या फ्री डिशची. तिचा जीसॅट-१५ साडेत्र्याण्णव अंशांवर आहे. पूर्वेकडे वळलेली एअरटेलची, १०८ अंशांवरच्या उपग्रहासाठी. कोणाच्या खोलीत काय लागतं ते खालूनच कळतं. (चोंबडेपणा खरा, पण बिनखर्चाचा.)

एक छत्री नीट बघा. इथून जीसॅट-१५ क्षितिजापासून जवळपास ५८ अंश वर आहे, म्हणजे चांगलीच मान वर करायला हवी. छत्री मात्र समोरच्या चाळीच्या माथ्याकडे बघत असल्यासारखी दिसते. हा तिचा साळसूदपणा. ती पूर्ण वाटी नाहीच. मोठ्या वाटीच्या कडेचा कापलेला तुकडा आहे. म्हणून वरून आलेली लहर परतून मधोमध न येता खाली, दांड्याच्या टोकावरच्या एलएनबीत, म्हणजे लहर पकडणाऱ्या डबीत, शिरते. एलएनबीची सावली छत्रीवर पडत नाही, आणि उभट बसल्याने पावसाचं पाणी नि कारखान्यांची धूळही साचत नाही. आणखी एक गंमत: छत्री रुंदीपेक्षा किंचित उंच, लंबगोल असते. उपग्रहाच्या जागेवरून पाहिली तर तीच गोल दिसेल. ज्याच्यासाठी बनवली त्यालाच तिचा खरा आकार दिसतो.

हिच्या आधीची पिढी काड्यांची. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुणे परिसरात दिसू लागलं. पिंपरीच्या गच्च्यांवरचे अँटेने तेव्हा दक्षिणेकडे, गडाकडे रोखलेले असायचे. जपानमधल्या सेंदाईच्या यागी आणि उदा यांनी १९२६ साली मांडलेली ही रचना अजूनही मला डिशपेक्षा देखणी वाटते. वायर जोडलेली असते फक्त एका, वळवलेल्या काडीला. तिच्या मागची किंचित लांब काडी लहर परतवते, पुढच्या आखूड काड्या ती ओढून घेतात. काडीची लांबी लहरीच्या साधारण निम्मी; म्हणून काड्या बघून चॅनेलचा पट्टा ओळखता येतो. ६० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या चॅनेलला काडी सुमारे अडीच मीटर, ५०० मेगाहर्ट्झला जेमतेम ३० सेंटिमीटर.

म्हणूनच खोक्यावर ‘डिजिटल अँटेना’ छापलेलं दिसलं की हसू येतं. अँटेन्याला लहरीची लांबी कळते, दिशा कळते. आत चित्र कसं भरलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फरक पडतो तो पडद्यावर. पूर्वी सिग्नल कमी झाला तर मुंग्या यायच्या, भोसरीच्या शेडवरून परतलेली लहर पोचली तर प्रत्येक माणसामागे त्याची फिकट सावली उभी राहायची, तरी बातम्या ऐकता यायच्या. डिजिटलमध्ये चित्र स्वच्छ असतं, मग चौकोन फुटतात आणि लगेच काळोख.

दूरदर्शनची जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपणं २०२२पर्यंत देशभर जवळपास बंद झाली. त्यामुळे मासिक भाडं न भरता चॅनेल हवे असतील, तर इथे निवड फ्री डिशच्या छत्रीचीच. वाकड-रावेतच्या टॉवरांमुळे लोक उगाच धास्तावतात. ५८ अंशांचा चढ असल्याने तुमच्यापेक्षा ३० मीटर उंच इमारतसुद्धा वीसेक मीटर लांब असली तर आड येत नाही. अडवते ती आपलीच इमारत: बाल्कनी उत्तरेला किंवा पश्चिमेला असेल तर गच्ची गाठायलाच हवी. ६० सेंटिमीटरची छत्री बहुतेकांना पुरते. ९० घेतली तर मुसळधार पावसात चित्र थोडं जास्त टिकतं. मात्र ती वारा जास्त धरते आणि रोखायलाही जास्त अचूक लागते. माझं मत विचाराल तर ६०चीच घ्यावी, पण जाड पत्र्याची, आणि उरलेले पैसे चांगल्या आरजी-६ केबलवर घालावेत. केबल भिंतीतून आत घेण्याआधी खाली एक झोळ ठेवायला सांगा, नाहीतर जूनमध्ये पाणी तिच्यावरून थेट घरात येतं.