चौकटीतील रिंगण : फ्लामेंकोचे चित्रपट आणि तांड्याचे नृत्य

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत बंजारा समाजाचे तांडे मोठ्या संख्येने आहेत. युरोपातील रोमा लोक आणि स्पेनमधील हितानो हे आपलेच दूर गेलेले भाऊबंद होत, असे या समाजातील सुशिक्षितांच्या बोलण्यात अनेकदा येते. हितानोंचे नाव ज्या कलेशी कायमचे जोडले गेले आहे ती फ्लामेंको, आणि आपल्या तांड्यांतील होळीची लेंगी, या दोहोंत काही साम्य दिसले की या कथनास पुष्टी मिळाल्यासारखे वाटते. हे साम्य आपणांपैकी बहुतेकांनी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. ते पडद्यावर पाहिलेले आहे. म्हणून नात्याचा निवाडा करण्यापूर्वी एक प्राथमिक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : चित्रपटात उतरलेले नृत्य नेमकी कशाची साक्ष देते? प्रस्तुत लेखात दोन चित्रपटांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

पहिला चित्रपट तोनी गातलिफ यांचा ‘लाचो द्रोम’ (१९९३). शीर्षकाचा अर्थ शुभ मार्ग, सुखरूप प्रवास. यात निवेदक नाही आणि संवाद जवळजवळ नाहीत. जे सांगावयाचे ते गाण्यातून आणि नाचातून सांगितले आहे. राजस्थानच्या वाळवंटातील भटक्यांपासून आरंभ होतो. पुढे ईजिप्त, तुर्कस्तान, रुमानिया, हंगेरी, स्लोवाकिया आणि फ्रान्स अशी वाट चालून चित्रपट स्पेनमध्ये येऊन थांबतो. स्लोवाकियाच्या भागात नात्सी छळछावणीचा क्रमांक हातावर गोंदलेली एक वृद्धा गाते. स्पेनच्या भागात ला काइता हिचा फाटता, आर्त स्वर शहराकडे पाहत उठतो. गाणे हे येथे रंजन नसून जगण्याचा हिशेब आहे, हे प्रेक्षकाला कोणी सांगावे लागत नाही. लग्न, वाट, शेकोटी, बेघर होणे, या प्रसंगांतून गाणे कसे उगवते हे दाखविण्यात गातलिफ यांचे यश निर्विवाद आहे.

तथापि हा चित्रपट नकळत एक युक्तिवादही करतो, आणि तो शब्दांनी न करता जोडणीने करतो. एका देशातील ठेका संपतो न संपतो तोच दुसऱ्या देशातील ठेका सुरू होतो. मधली शतके कापली जातात. दोन दृश्ये शेजारी आली की प्रेक्षकाचे मन त्यांच्यात कार्यकारणसंबंध कल्पिते. हा संबंध कलेच्या दृष्टीने सार्थ आहे. इतिहासाच्या दृष्टीने तो अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे. प्रत्यक्ष शीर्षकच याबाबतीत बोलके आहे. रोमानी भाषेतील ‘द्रोम’ हा शब्द ग्रीकमधून आलेला आहे. म्हणजे जी वाट भारतातून निघाली असे चित्रपट सांगतो, त्या वाटेचे नावच वाटेत मिळालेले आहे. प्रवासात माणसे जेवढे जपतात तेवढेच उचलतातही, हे सत्य त्या एका शब्दात आहे. चित्रपटाच्या जोडणीत ते पुरेसे उतरत नाही.

रोमानीचे भारतीय मूळ निर्विवाद आहे. तिच्यातील ‘पानी’, ‘कान’, ‘मानुश’ हे शब्द मराठी वाचकास परके वाटणार नाहीत. परंतु याच पुराव्याने सावधही केले पाहिजे. हे शब्द जितके गोरबोलीच्या जवळचे तितकेच मराठीच्याही जवळचे आहेत. त्यांवरून भारताशी नाते सिद्ध होते, विशिष्ट तांड्याशी नव्हे. राल्फ टर्नर यांनी १९२६ साली रोमानीचे मूळ स्थान भारतीय आर्य भाषांच्या मध्यवर्ती गटात ठरविले. गोरबोलीचे निकटचे नाते राजस्थानी बोलींशी आहे. नृत्याची गोष्ट तर याहून अवघड. स्पेनमध्ये हितानोंच्या आगमनाची नोंद १४२५ पासून मिळते; ज्याला आपण फ्लामेंको म्हणतो तो कलाप्रकार मात्र आंदालुसियात एकोणिसाव्या शतकात आकारास आलेला दिसतो. मधल्या चार शतकांत त्या भूमीतील इतर लोकांच्या गाण्यानाचण्याशी त्याची सरमिसळ झाली. तेव्हा पावलांच्या आघाताचे साम्य पाहून थेट वारसा गृहीत धरणे म्हणजे या चार शतकांच्या निर्मितीचे श्रेय हितानोंकडून काढून घेणे होय. आप्तत्व सांगण्याच्या भरात आपण आप्तांवरच अन्याय करीत नाही ना, हे पाहिले पाहिजे.

दुसरा चित्रपट कार्लोस साउरा यांचा ‘फ्लामेंको’ (१९९५). याची रीत अगदी उलट आहे. सेव्हिल येथील वापरातून गेलेल्या एका जुन्या रेल्वेस्थानकाच्या भव्य दालनात पडदे आणि आरसे मांडून, विट्टोरियो स्टोरारो यांच्या प्रकाशयोजनेत, एकामागून एक कलावंत आपापला प्रकार सादर करतात. कथा नाही, प्रवास नाही. फ्लामेंकोची तीन अंगे, म्हणजे कान्ते हे गायन, तोके हे गिटारवादन आणि बाइले हे नर्तन, येथे एकाच अवकाशात एकमेकांकडे पाहत उभी असतात. टाळ्या देणारेही दृष्टिआड होत नाहीत. ही गोष्ट किरकोळ नाही. सोलेआ या प्रकारात बारा मात्रांचे आवर्तन असते आणि तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या व बाराव्या मात्रेवर आघात येतो. नर्तकाचे पाऊल, गायकाचा श्वास आणि टाळी यांचा या आवर्तनात जो झगडा आणि जो मेळ चालतो, तेच या कलेचे प्राणतत्त्व. तिघांपैकी एकास चौकटीबाहेर ठेवले तर उरते ती केवळ चपळाई. वृद्ध फार्रुको आणि त्याचा बालवयीन नातू फार्रुकितो या चित्रपटात नाचतात, तेव्हा परंपरा म्हणजे काय हे एका दृष्टिक्षेपात कळते. येथे साम्य जोडणीतून निर्माण झालेले नसून एकाच घरातल्या दोन शरीरांत समोर उभे आहे.

मात्र साउरा यांनी या लाभाची किंमत मोजली आहे. त्यांच्या दालनात कला आहे, पण तिचा प्रसंग नाही. कोणाच्या लग्नात, कोणाच्या अंगणात, कोणाच्या दुःखात हे गाणे म्हटले जाई, याचा मागमूस नाही. गातलिफ यांच्याकडे प्रसंग आहे, पण इतिहास जोडणीच्या हवाली झाला आहे. साउरा यांच्याकडे कलेचे शरीर संपूर्ण आहे, पण त्याला घर नाही. नृत्याचा चित्रपट या दोन उणिवांच्या मधून वाट काढतो, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडील अनुभव तपासला तर तिसरीच उणीव दिसते. बैठकीच्या लावणीत गाणारीच अदा करते; शब्द, स्वर आणि डोळ्यांची हालचाल ही एकाच देहाची असतात. यमुनाबाई वाईकर यांची ख्याती होती ती याच एकात्मतेसाठी. चित्रपटाने पार्श्वगायनाच्या सोयीसाठी ही एकात्मता मोडली. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) किंवा ‘पिंजरा’ (१९७२) यांतील लावण्यांनी मराठी मनावर राज्य केले. जयश्री गडकर आणि संध्या यांच्या नर्तनाचे किंवा आशा भोसले आणि उषा मंगेशकर यांच्या गायनाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्या चित्रपटांतून लावणी पाहिलेल्या पिढीस गाणारी एक आणि नाचणारी दुसरी ही विभागणी स्वाभाविक वाटू लागली. चित्रपटाने लावणी जतन केली हे खरे. पण जी जतन केली ती दुसरीच होती, हेही तितकेच खरे.

आता तांड्याकडे वळू. लेंगी रिंगणात होते. डफाच्या ठेक्यावर एकजण ओळ उचलतो, इतर ती झेलतात, आणि रिंगण फिरत राहते. कॅमेरा रिंगणाबाहेर ठेवला तर अर्ध्या नर्तकांच्या पाठीच दिसतात. मध्यभागी ठेवला तर चेहरे सरकत जातात, पण रिंगण दिसत नाही. एखादी फेटिया-कांचळी, तिच्यावरील आरसे आणि बांगड्यांनी भरलेला हात जवळून टिपला की चित्र देखणे होते आणि नृत्य नाहीसे होते. आज जवळजवळ प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आहे. तरी ध्वनिमुद्रणगृहात तयार केलेल्या गीतावर नाचवून घेतलेल्या दृश्यांत ओळ उचलणारा आणि ती झेलणारे यांचे नातेच उरत नाही. लावणीच्या बाबतीत जे घडले तेच येथे घडू पाहत आहे. फरक इतकाच की लावणीविषयी विपुल लेखन झाले आहे. लेंगीचा आणि तीजेच्या गीतांचा इतिहास मुख्यत्वे कंठात आहे.

म्हणून जिल्ह्यातील अभ्यासकांनी चित्रण करताना काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. गाणाऱ्याचा आवाज नाचाच्या वेळचाच असावा. किमान एक संपूर्ण आवर्तन, शक्य तर संपूर्ण गीत, उंचावरून आणि न तोडता टिपावे. पावले चौकटीत असावीत. प्रसंग, तांडा, दिनांक, आणि संमती असल्यास गाणाऱ्यांची नावे नोंदवावीत. गीताची संहिता गोरबोलीतच लिहून घ्यावी. संकलित, देखणे चित्र नंतर कोणीही करू शकेल. मूळ अखंड चित्रण मात्र पुन्हा करता येणार नाही.

हितानो आणि बंजारा यांचे नाते काय, याचे उत्तर भाषाशास्त्र आणि इतिहास यथावकाश देतील. ते होकारार्थी आले काय किंवा नकारार्थी आले काय, धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून मुलूख पालथा घालणाऱ्या या समाजाच्या गाण्याचे मोल स्पेनच्या साक्षीवर अवलंबून नाही. फ्लामेंकोच्या चित्रपटांपासून घ्यावयाचा धडा आप्तत्वाचा नाही. आपल्या रिंगणाकडे किती वेळ आणि किती आदराने पाहावे, हा आहे.