टिळकांच्या अभंगांतले भिडस्त मागणे

प्रार्थना हा समीक्षेचा विषय नव्हे, असे मानणारे रसिक आपल्याकडे पुष्कळ आहेत. भक्त आपल्या देवाशी बोलत असता तिऱ्हाइताने मध्ये तोंड का घालावे, असे ते विचारतात. पण तीच प्रार्थना अभंग होऊन छापली गेली, की देवाशी बोलणाऱ्याचा सूर खरा लागला आहे की नाही, हे पाहण्याचा हक्क वाचकाला पोहोचतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ‘अभंगांजली’ मी ह्या हक्काने वाचतो.

टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, ही त्यांचीच साक्ष. त्या पुलावरून त्यांनी अभंगाचा छंद आणला, ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारण्याचा जिव्हाळा आणला. तोवरच्या मराठी ख्रिस्ती उपासनेत भाषांतरित गीतांचा भरणा मोठा. त्यांतला भक्त साहेबाच्या बंगल्यावर अर्ज घेऊन आल्यासारखा व्हरांड्यातच उभा असे. टिळकांनी त्याला माजघरात नेऊन बसवले. हे त्यांचे ऋण लहान नाही.

तरी एक वस्तू पुलापलीकडेच राहिली, असे मला वाटते. ती म्हणजे तुकोबांचे भांडण. तुकोबा विठ्ठलाला कृपण ठरवतात, त्याच्याकडे आपले येणे काढतात, एकदा तर आपल्या लेखी देव मेला म्हणून मोकळे होतात. हा उद्धटपणा नव्हे. ज्याच्याकडून काही मिळायचे नाही, त्याच्या दारात कोणी धरणे धरून बसत नाही. टिळकांचा भक्त मात्र मागणे पुरते उच्चारण्याआधीच तुझी इच्छा असेल तसे कर म्हणून हात जोडतो. ही शरणागती खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती फार लवकर येते.

हा ख्रिस्ती धर्माचाच गुण, असे कोणी म्हणेल, तर ते मला पटत नाही. सदोम नगर वाचावे म्हणून अब्राहाम परमेश्वराशी घासाघीस करतो आणि पन्नास नीतिमानांचा आकडा दहावर आणून ठेवतो. लूकच्या ११ व्या अध्यायात एक माणूस मध्यरात्री मित्राचे दार ठोठावून तीन भाकरी मागतो. त्याला भाकरी मिळते ती ज्या गुणामुळे, त्याला मराठी बायबल ‘आग्रह’ म्हणते. मूळचा ग्रीक शब्द ‘अनाइदेइया’. त्याचा सरळ अर्थ निर्लज्जपणा. देवघरात हा शब्द आणायला भाषांतरकार बिचकले असावेत! आणि गेथशेमाने बागेत स्वतः येशूने काय केले? हा प्याला टळो, हे मागणे आधी. पित्याची इच्छा त्यानंतर. मत्तय सांगतो, की ह्या प्रार्थनेसाठी तो तीनदा गेला.

नवल असे, की टिळक आयुष्यात मुळीच भिडस्त नव्हते. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. पगाराची सोय गेली, उरला तो देवावरचा भरवसा. एवढा जुगार खेळणाऱ्या माणसाच्या अभंगात एखादे तरी धरणे हवे होते. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना त्यांचा तापट स्वभाव पानोपानी भेटतो. मला वाटते, त्यांचा सगळा राग माणसांवरच खर्च झाला आणि देवाच्या वाट्याला नुसती माया आली.

टिळक १९१९ साली वारले, ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्या बाईंना वाचायला-लिहायला लग्नानंतर टिळकांनी शिकवले, त्यांनी कवीचे महाकाव्य हाती घ्यावे, ह्यात मला त्या घरातली खरी धीट प्रार्थना दिसते. त्या अध्यायांत टिळकांच्या तोडीची कविता शोधू नये. बाईंनीही तसा दावा करण्यासाठी ते लिहिले नसावेत.