विद्यार्थ्यांचें समूहगान : युद्धकाळांतील आणि आजचें

मानोरा येथील एका शाळेच्या स्नेहसंमेलनास यंदा जाण्याचा योग आला. कार्यक्रमपत्रिकेंत ‘समूहगान’ असें एक कलम होतें. तीसेक मुलें रांगेनें उभीं राहिलीं, ध्वनिक्षेपकांतून तयार गाणें सुरू झालें आणि मुलांचे ओठ त्याबरोबर हलूं लागले. हातवारे बिनचूक होते, पोषाख नीटनेटके होते. मुलांचा स्वर मात्र कोठेंच नव्हता. त्याच संमेलनांत तांड्यावरील कांहीं मुलींनीं होळीची लेंगी म्हटली. तिला यंत्राची साथ नव्हती. एकीनें ओळ उचलावी आणि बाकीच्यांनीं ती परत करावी, एवढीच तिची रचना; पण मंडपांतली कुजबूज थांबली. शेजारचे गृहस्थ म्हणाले, “हें तर यांच्या घरचेंच गाणें. यांत शाळेनें काय शिकविलें?” प्रश्न खोंचक होता, परंतु तो उलटा करूनहि विचारतां येईल. पहिल्या गाण्यांत तरी शाळेनें काय शिकविलें?

शाळा-कॉलेजांतील मुलांनीं एकत्र गाण्याला ज्या काळीं खरा अर्थ होता, तो काळ म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागेंचीं सातआठ वर्षें. त्या काळच्या प्रभातफेऱ्या, मेळे आणि पथकें यांविषयीं आजवर जें लिहिलें गेलें तें बहुतेक आठवणींच्या स्वरूपाचें आहे. गाणाऱ्यांच्या देशभक्तीचा गौरव त्यांत पुष्कळ सांपडतो. पण गाणें म्हणून त्या गाण्याची परीक्षा क्वचितच आढळते. आमची संगीतटीका मुळांत व्यक्तिपूजक. अमरावतींत जन्मलेल्या केशवराव भोळ्यांसारख्या चोखंदळ टीकाकारानेंहि ‘एकलव्य’ या नांवानें लिहितांना विषय निवडला तो प्रसिद्ध गायकांचा. शंभर सामान्य कंठांतून निघणारा एक स्वर हा टीकेचा विषय होऊं शकतो, हें आमच्या लक्षांतच आलें नाहीं.

सरकारांच्या मात्र तें फार लवकर लक्षांत आलें. युद्धाला आरंभ होण्यापूर्वी एक वर्ष, १९३८ च्या अखेरीस, पैनगंगेपलीकडील निजामी मुलुखांत उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील मुलांनीं प्रार्थनेच्या वेळीं ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास सुरुवात केली. अधिकाऱ्यांनीं मनाई केली, मुलांनीं ऐकलें नाहीं, आणि शेंकडों विद्यार्थी विद्यापीठाबाहेर काढले गेले. औरंगाबादचे मराठी विद्यार्थीहि या लढ्यांत होते. त्यांच्यापैकीं पुष्कळांना नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच एक. येथें विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. ‘वंदे मातरम्’ छापील स्वरूपांत कोणाहि मुलाला वाचावयास मिळत होतें, आणि एकट्यानें खोलींत गुणगुणलें असतें तर बहुधा कोणी विचारलेंहि नसतें. वसतिगृहाच्या प्रार्थनेंत सर्वांनीं मिळून तें म्हटलें, म्हणून सत्तेला तें सोसवलें नाहीं. तेव्हां समूहगानाचा आशय केवळ शब्दांत नसतो, तें एकत्र म्हणण्याच्या कृतींतहि असतो. आणि टीकाकाराला ही कृतीच तपासावी लागते.

ती तपासूं गेल्यास पहिला दोष दिसतो तो मेळ्यांचा. १८९४ नंतर गणेशोत्सवाबरोबर वाढलेले मेळे हे शाळकरी मुलांचें पहिलें संगीत-विद्यालयच म्हटलें पाहिजे. पद्यांच्या चोपड्या छापल्या जात, आणि प्रत्येक पद्याच्या डोक्यावर अमक्या नाटकांतील तमक्या पदाची चाल, अशी सूचना असे. घोटाळा येथेंच झाला. नाटकांतलें पद हें एका कसलेल्या नटाच्या गळ्यासाठीं बांधलेलें. त्याच्या जागा, हरकती आणि ताना हें एकट्याचें वैभव. तीच चाल वीस मुलांच्या तोंडीं दिली कीं जागा गळून पडतात आणि सांगाडा उरतो. त्यांतून पट्टी ठरविणार पेटीवाले मास्तर, तीहि स्वतःच्या गळ्याच्या सोयीनें. मग आवाज फुटूं लागलेलीं मुलें तार षड्जावर ओरडूं लागतात. शब्द किती जळजळीत आहेत याला महत्त्व, स्वर कसा लागतो याला नाहीं. मेळ्याचे अभिमानी यावर रागावतील. पण देशप्रेमानें बेसूरपणाला क्षमा मिळते, तो सूर होत नाहीं.

ज्या पथकांनीं चाली भजनांतून, पोवाड्यांतून किंवा ओवींतून घेतल्या, त्यांचें गाणें याच्या अगदीं उलट ठरलें. चारपांच स्वरांची झेप, ओळीच्या शेवटीं श्वासाला जागा, पुन्हां पुन्हां येणारें ध्रुपद, झील धरणाऱ्यांना सहज पकडतां येईल असा ठेका, हीं लक्षणें वरवर दारिद्र्याचीं वाटतात. वस्तुतः तीं समूहाच्या गळ्याचें व्याकरण आहेत.

हें व्याकरण वऱ्हाडांत सर्वांत अचूक कोणी जाणलें असेल तर तुकडोजी महाराजांनीं. १९०९ सालीं अमरावती जिल्ह्यांतील यावली येथें जन्मलेला हा पुरुष शाळेंत फारसा रमला नाहीं, परंतु विदर्भांतील मुलांना एकत्र गावयास त्याच्याइतकें कोणत्याहि शाळेनें शिकविलें नसेल. खंजिरी हें त्यांचें वाद्य. ती हातांत मावते, कोणत्याहि गांवीं मिळते, तिला पट्टी नाहीं. त्यामुळें समोरच्या मंडळीला आपल्या गळ्याची पट्टी आपणच शोधावी लागते. तुकडोजींची ओळ आंखूड असे आणि तिचा अर्थ पहिल्याच ऐकण्यांत हातीं लागे. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं चिमूर व आष्टी येथें उठाव झाले, आणि त्या महिन्याच्या अखेरीस महाराजांना अटक होऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यांत आलें. खंजिरीवर भजनें म्हणणाऱ्याला सरकारनें कां बंद करावें, याचें उत्तर त्या भजनांच्या रचनेंतहि आहे: तीं ऐकणारा घरीं जातांना श्रोता राहत नसे, गाणारा होऊन जाई. त्यांच्या पुष्कळशा भजनांत काव्य थोडें व उपदेश फार, ही तक्रार मलाहि मान्य आहे. परंतु वाचण्याच्या कवितेचें माप म्हणण्याच्या गाण्याला लावणें हें चुकीचें होय.

त्याच वर्षांत अमेरिकेंतील हायस्कुलांत काय चाललें होतें तें पाहणें बोधप्रद आहे. तेथें बँड, वाद्यवृंद आणि गायकवृंद हे शालेय शिक्षणाचे रीतसर भाग होते. युद्ध सुरू झाल्यावर हीच पथकें युद्धरोख्यांच्या सभांतून वाजूं लागलीं. नोव्हेंबर १९४२ मध्यें सक्तीच्या लष्करभरतीचें वय अठरावर आलें, तेव्हां बँडमधलीं वरच्या वर्गांतील मुलें रणांगणाकडे जाऊं लागलीं; धातु युद्धसाहित्यासाठीं हवा म्हणून वाद्यांचें उत्पादनहि सरकारनें त्याच वर्षीं बहुतांशीं थांबविलें. आमच्याकडे वाद्यावर संक्रांत आली ती निराळ्या कारणानें: ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीवर बंदी घातली, कारण तिचे ठरीव स्वर आमच्या रागसंगीतास घातक मानले गेले. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. मेळ्यांतल्या मास्तरांनीं तिची पर्वा केली नाहीं, हें सांगावयास नकोच.

दोहोंतील भेद मोठा आहे. अमेरिकन मुलगा आपल्या सरकारच्या बाजूनें वाजवीत होता, आमचा मुलगा सरकारविरुद्ध गात होता. त्यामुळें तिकडे शिक्षक होता, तालमीची खोली होती, स्वरलिपीचे कागद होते. इकडे यांपैकीं कशाचीहि खात्री नव्हती. तिकडे एका गाण्यांत प्रत्येकाचा भाग वेगळा व मेळ एक. इकडे सर्वांचा एकच स्वर. आमच्या एकस्वरी गाण्यानें धैर्य दिलें, पण दुबळा गळा त्यांत लपून राहिला आणि कान तयार झाला नाहीं. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून संगीत सामान्य घरांतील मुलांपर्यंत नेलें, त्यांच्यासाठीं क्रमिक पुस्तकें लिहिलीं. तो धागा मेळ्यांच्या आणि प्रभातफेऱ्यांच्या हातीं लागता तर आज कथा निराळी असती.

आणखी एक गोष्ट न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. ‘सर्वांनीं मिळून’ म्हणतांना ते ‘सर्व’ कोण, हा प्रश्न त्या काळींहि होता. १९४२ च्या जुलैंत नागपुरास डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं दलित फेडरेशनची स्थापना झाली. भीमराव कर्डकांसारखे जलसाकार त्यापूर्वीं दहा वर्षांपासून निराळेंच समूहगान गात होते, आणि त्यांना मेळ्यांच्या मंडपाची वाट मोकळी नव्हती. १९४१ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलानें मुलांमुलींना एका रांगेंत उभें करून गावयास लावलें, वसंत बापटांसारखा कवि त्याच्या कलापथकास लाभला. १९४४ चें लाल बावटा कलापथक तर विद्यार्थ्यांचें नव्हतेंच, पण अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या आवाजाचा ठसा कॉलेजांतल्या पोरांवर उमटल्यावांचून राहिला नाहीं. या पथकांत शब्द प्रथमच नीट ऐकूं येऊं लागले, हें श्रेय त्यांना दिलें पाहिजे.

त्या संमेलनानंतर मीं तेथील एका शिक्षकांना विचारलें, मुलांना स्वतः गाऊं कां देत नाहीं? ते म्हणाले, “बेसूर होतात हो, पाहुण्यांसमोर बरें दिसत नाहीं.” त्यांचें म्हणणें खरें होतें, मुलें बेसूर झालीं असतीं. पुढच्या वर्षीं लेंगी म्हणणाऱ्या मुलींनाहि ध्वनिमुद्रित साथ द्यावयाची, असा त्यांचा विचार दिसला. मीं त्यांना एवढेंच सुचविलें कीं, साथ देण्यापूर्वीं एकदां त्या मुलींची पट्टी कोणती तें कोणी तरी ऐकून ठेवावें.