झोंबी आले तर कुठली सुरी?

दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या पुण्याहून आला होता. रात्री त्याच्याबरोबर बसून ‘झोंबिवली’ पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विळीवर दुधी चिरत होते, तर हा समोर पाट ओढून बसला आणि म्हणाला, “काकू, झोंबी आले तर तू कुठली सुरी घेशील?”

मला हसू आलं, पण त्याला नाही आलं. त्याचा अभ्यास झालेला होता. पातं निदान नऊ-दहा इंची हवं, मुठीच्या टोकापर्यंत एकसंध हवं, पोलाद असं हवं की धार लवकर जाणार नाही. फोनवर त्यानं एक काळं, दात असलेलं पातं दाखवलं. किंमत चार हजार. मग हळूच मुद्द्यावर आला, “आई घरी मागवू देत नाही. तुझ्या पत्त्यावर मागवू का?”

विचार करून सांगते म्हटलं. दोन दिवस विचार केला. विचार सुरीपासून निघाला आणि सिनेमात जाऊन अडकला, कारण हा प्रश्न त्याच्या डोक्यात सिनेमांनी घातलाय. म्हणून आधी सिनेमाचं बोलते.

‘झोंबिवली’ २६ जानेवारी २०२२ ला आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. अमेय वाघ, ललित प्रभाकर, वैदेही परशुरामी ही मंडळी त्यात आहेत. मराठीतला पहिला झोंबीपट म्हणून त्याची जाहिरात झाली होती. गोष्ट डोंबिवलीची. एका बाजूला उंच टॉवर, शेजारी वस्ती, आणि दोघांच्या मध्ये पाणी. सुधीर हा मध्यमवर्गीय इंजिनीअर, त्याची बायको गरोदर, नव्या घराची हौस. वस्तीतला विश्वास पाण्यासाठी भांडतोय. माणसं बिघडतात ती शाप लागून नाही, पाण्यातून. मला हा सिनेमा आवडला तो एवढ्यासाठी. भूत कुठून आलं याचं उत्तर त्यानं नळाशी शोधलं. हंडा घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या कुठल्याही बाईला हे उत्तर पटेल.

उत्तरार्धात मात्र मारामारी लांबते आणि पाणी मागे पडतं. झोंबी एकामागून एक येतात, पडतात, आपण हसतो. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की पडणारी ही माणसं काल याच वस्तीत, याच इमारतीत राहत होती, आणि ते विसरूनच मी हसत होते. पुतण्याचं सुरीचं वेड या विसरण्यातूनच येतं.

झोंबी मुळात असा नव्हता. तो हैतीचा. तिथल्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत होते. मेल्यावरही आपली सुटका होणार नाही, कुणीतरी उठवून पुन्हा कामाला जुंपेल, ही त्या लोकांची भीती. म्हणजे मुळातला झोंबी कुणाला खात नाही, त्यालाच खाल्लेलं असतं. १९३२ साली ‘व्हाइट झोंबी’ हा अमेरिकन सिनेमा आला, त्यात तो असाच दुसऱ्याच्या हुकमाचा ताबेदार आहे. १९६८ साली जॉर्ज रोमेरोनं ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला आणि मेलेले लोक जिवंतांना खायला लागले. पुढे सगळ्या जगानं तेच उचललं. आपल्याकडे २०१३ साली ‘गो गोवा गॉन’मध्ये गोव्याच्या पार्टीत गोळी खाऊन माणसं झोंबी झाली, तीही याच घराण्यातली.

रोमेरोचा सिनेमा पुतण्यानंच मला दाखवला. सुरीच्या शौकिनांनी तो नीट पाहिलेला नाही असं माझं मत झालं. त्यातला सगळ्यात अंगावर येणारा घाव तलवारीचा नाही, खुरप्याचा आहे. बागेतलं साधं खुरपं. तळघरात आजारी पडलेली लहान मुलगी उठते आणि आपल्या आईलाच त्यानं मारते. आईच्या हातात काय असतं तर तिचा जीव वाचला असता? काहीही असतं तरी तिनं ते लेकीवर चालवलं नसतं. पात्याची लांबी मोजणाऱ्यांच्या हिशेबात ही बाई येतच नाही.

शेवट तर त्याहून कडू आहे. बेन नावाचा एकटा शहाणा माणूस ती रात्र काढून जिवंत राहतो. सकाळी मदतीला आलेली बंदूकधारी टोळी त्याला खिडकीत पाहते, झोंबी समजते आणि गोळी घालते. कुणी विचारत नाही, “कोण आहे?” बेनचं काम करणारा नट ड्वेन जोन्स कृष्णवर्णीय होता. १९६८ च्या अमेरिकेत त्या गोळीचा अर्थ कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

आता सुरीकडे येते, कारण तो माझा प्रांत आहे. तीस वर्षं रोज दोन वेळा मी पातं हातात धरलंय, म्हणून अधिकारानं सांगते. हे वीर समजतात तशी सुरी चालत नाही. आमच्याकडे अख्खा भोपळा बाईनं चिरायचा नाही, पहिला घाव पुरुषानं घालायचा, अशी रीत. दरवेळी यांना हाक मारायची, हे ऐटीत सुरी खुपसतात आणि ती अडकते. ना आत जाते, ना बाहेर येते. मग भोपळ्यासकट उचलून ओट्यावर आपटायची. भोपळ्याचं हे, तर कवटीचं काय होईल? आणि एक सुरी एकात अडकली की दुसरा येईपर्यंत काय करायचं? शिवाय हा रोग चावण्यातून, रक्तातून पसरतो म्हणतात. मग ज्याच्या रक्ताचा एक थेंबही अंगावर नको, त्याच्या हातभर जवळ जाऊन त्याला भोसकायचं? घरात कुणाला कांजिण्या झाल्या तरी आपण त्याचं ताट वेगळं ठेवतो. सुरी हे झोंबीसाठी सगळ्यात वाईट हत्यार आहे, आणि हे कळायला कुठल्याही गृहिणीला पाच मिनिटं पुरतील.

पोलादाचंही तेच. स्टेनलेसला गंज चढत नाही, पण एकदा बोथट झालं की घरी धार लावता लावता हात भरून येतात. साधं लोखंडी पातं पावसाळ्यात पुसून तेलाचं बोट फिरवून ठेवावं लागतं, पण पायरीच्या दगडावर चार वेळा घासलं की कामाला तयार. जिथे सायकलवर सहाण फिरवणारा धारवाला येणार नाही, तिथे हे दुसरंच बरं. एकसंध पात्याबद्दल मात्र पुतण्याचं बरोबर आहे. मूठ निसटून हात कापल्यावर मीही ते शिकले.

अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण केंद्रानं २०११ च्या मे महिन्यात गमतीगमतीत ‘झोंबी आले तर’ अशी तयारीची यादी काढली होती. हेतू हा की पोरं हसत हसत वादळाची, पुराची, साथीची तयारी शिकतील. त्या यादीत पहिलं काय? पाणी, माणशी रोज एक गॅलन, म्हणजे आपलं पावणेचार लिटर. मग टिकणारं अन्न, औषधं, साबण, कपडे, महत्त्वाची कागदपत्रं, प्रथमोपचाराचं सामान. सुरी आहे, पण कुठे? चिकटपट्टी आणि बॅटरीवरच्या रेडिओच्या पंगतीत. कामाची साधी सुरी.

आम्हा बडोदेकरांना ही यादी नवी नाही. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस पडला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीनं २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांची रेघही मागे टाकली. नदीतल्या मगरी सोसायट्यांमध्ये फिरत होत्या. दात असलेलं, न बोलणारं संकट दाराशी येणं म्हणजे काय ते आम्ही पाहिलंय. माझी नणंद नदीकाठच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर तीन दिवस अडकली होती. तिच्या घरातल्या सुरीनं त्या दिवसांत काय केलं? दोरी कापली, दुधाच्या पिशव्या फोडल्या, जुनी चादर फाडून पट्ट्या केल्या, आठ घरांना पुरेल अशी काकडी चिरली. मगरीवर कुणी सुरी उगारली नाही. २०१९ च्या पुरातलं सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं चित्र एका पोलीस अधिकाऱ्याचं आहे. गळ्याइतक्या पाण्यातून डोक्यावर टब घेऊन तो चालला होता आणि टबात तान्हं मूल होतं. त्याच्या दोन्ही हातांत टबच होता.

आता जे पुतण्याला अजून सांगितलेलं नाही, ते सांगते.

लग्न होऊन घडियाळी पोळेत आले त्याला वर्षही झालं नव्हतं. शहरात दंगल, कर्फ्यू. जुन्या शहरातल्या बायकांना मी काय म्हणते ते कळेल. रात्री कुणीतरी गच्चीवरून ओरडलं, “आव्या, आव्या!” आले, आले. कोण आले, किती आले, कुणाला ठाऊक नाही. थाळ्या वाजायला लागल्या. पुरुषांनी काठ्या, सळया घेतल्या. बायकांनी स्वयंपाकघरातलं हाताला लागेल ते घेतलं. माझ्या हातात फळं कापायची सुरी होती, आणि ती मी अशी धरली होती की जणू हे मला आधीपासून येत होतं. त्या क्षणी बाहेरचे कोण, त्यांची नावं काय, त्यांना आई आहे का, यातलं काहीही माझ्या मनात नव्हतं. ‘ते’ एवढंच होतं.

गल्लीच्या तोंडाशी एक आकृती आली. अडखळत चाललेली. भिंतीला हात लावत पुढे यायची, तोंडातून घोगरा आवाज, शब्द नाही. एकानं सळई उचलली. सासूबाई कंदील घेऊन पुढे झाल्या आणि त्यांनी मोठ्यानं विचारलं, “कोण छे?” उत्तर नाही. त्यांनी कंदील तोंडाजवळ नेला. दूधवाल्याचा म्हातारा बाप. दुपारपासून कुठेतरी लपून बसला होता, भीतीनं त्याची वाचा गेली होती. आमच्याच दारात रोज सकाळी कॅन घेऊन येणारा माणूस. सासूबाईंनी त्याला ओटल्यावर बसवलं, पाणी दिलं.

माझ्या हातात सुरी तशीच होती. ती कुठे ठेवू ते मला कळेना.

झोंबीपटांवर माझा आक्षेप आहे तो हा. ते आपल्याला मारायला शिकवतात असं मी म्हणत नाही. पोरं एवढी खुळी नसतात. पण “कोण आहे?” हा प्रश्न ते आधीच निकालात काढतात. समोरचा माणूस राहिलेला नाही हे गोष्टीनंच ठरवून दिलं की उरतो फक्त पात्याचा प्रश्न. रोमेरोला हे कळलं होतं, म्हणून त्यानं बेनला गोळी घातली. ‘झोंबिवली’ला अर्धं कळलं, म्हणून तो पाण्यापर्यंत गेला. बाकी कित्येकांना कळलंच नाही.

लहानपणी पाठशाळेत समंतभद्राचार्यांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’तले अनर्थदंडाचे पाच प्रकार पाठ केले होते. पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती, प्रमादचर्या. तेव्हा नुसती घोकंपट्टी होती. गृहस्थाला हिंसा पुरती टळत नाही हे शास्त्रालाही ठाऊक आहे. स्वयंपाकातली, धंद्यातली, अंगावर आलेल्याला अडवण्यातली. अनर्थदंड म्हणजे ज्याची गरजच नाही ते. हत्यार दुसऱ्याच्या हाती देणं हे हिंसादान. कुणाचं वाईट होण्याची चित्रं मनात रंगवत बसणं हे अपध्यान. कडक हिशेब लावला तर तो सिनेमा पाहणं ही दुःश्रुती, आणि मीही दोन तास बसून ती केली. म्हणून पुतण्याला सिनेमा बंद कर असं मी सांगणार नाही. पार्सलाचं मात्र सांगणार.

कायद्याचंही असंच काहीसं आहे. आपल्या शस्त्र-नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं वेगळ्या वर्गात धरली आहेत. पण घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेल्यांना त्यातून वगळलंय. लोखंड तेच. बनवलं कशासाठी, ते पाहायचं. इथल्या गुजराती शेजारणी भाजी कापली असं म्हणत नाहीत, ‘शाक सुधार्युं’ म्हणतात. नवी आले तेव्हा मला वाटायचं, भाजीत बिघडलं काय होतं सुधारायला? आता माझ्याही तोंडात तेच बसलंय.

तर बाळा, उत्तर असं. पार्सल माझ्या पत्त्यावर येणार नाही. सुरी घ्यायचीच तर घरातली सहा इंची, एकसंध, जुन्या लोखंडाची घेईन. तिच्यानं दोरी कापता येते, फळ चिरता येतं, पट्टी फाडता येते. आणि विळी. विळी कुणाच्या अंगावर धावून जात नाही. तिच्यावर पाय ठेवून बसावं लागतं, आणि जे चिरायचं ते आपणच तिच्यापाशी न्यायचं. पण या दोन्हींच्या आधी पाण्याचे कॅन, बॅटरी, मेणबत्त्या, आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. आणि दारावर थाप पडली तर आधी विचारायचं, कोण आहे.

हे सगळं मी त्याला तोंडी सांगितलं, म्हाताऱ्या दूधवाल्यासकट. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आजीनं विचारलं नसतं तर?”

मी म्हटलं, “ये, बस इथे. दुधी राहिलाय अर्धा.” विळीवर बसताना त्याचे गुडघे पार कानाशी गेले. पहिल्या चार फोडी वेड्यावाकड्या निघाल्या. पाचवी जमली.