हेरगिरीची पेढी

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तील हेर व्यापाऱ्याचाही वेष घेत, पण पदरी असत ते राजाच्या. आता व्यापाऱ्यानेच हेरगिरीची पेढी थाटली असून राजसत्ता तिची गिऱ्हाईक आहे. इस्रायलमधील एनएसओ ह्या पेढीची हकीकत लॉरां रिशार व सांद्रीन रिगो ह्यांनी ‘पेगासस’ (२०२३) ह्या ग्रंथात सांगितली आहे. मालकाने कळही न दाबता त्याचा फोन फितूर होतो. पाळतीसाठी निवडले असावेत अशा ५०,०००हून अधिक दूरध्वनी-क्रमांकांची यादी २०२१ साली उजेडात आली. तिच्या पडताळणीचे परिश्रम वाचून आम्ही थक्क झालो. मात्र शोधाची ही रहस्यकथा (ती रंगलीही आहे) लेखकांना इतकी प्रिय झाली, की खरेदीदारांची झडती अपुरी राहिली. विक्रेत्याची नावनिशी मिळते. खरेदीच्या कागदावर सही करणारा हात, आमच्या मते, बहुधा अंधारातच राहतो.