चोरांच्या घरातली माणसं

परवा अभ्यासवर्गात ठराव आला, हा जपानी सिनेमा वस्तीत दाखवायचा नाही. का, तर त्यात गरीब माणसं चोर दाखवलीत. ठराव मांडणाऱ्या मित्राचा राग मला कळतो. १८७१च्या कायद्यानं ज्यांच्या कपाळावर जन्मतःच 'गुन्हेगार' असा शिक्का मारला, त्यांची पोरं आमच्यात बसतात. तो कायदा १९५२ साली गेला, पण पोलिसाच्या डोळ्यातून गेला नाही. तरी मी ठरावाविरुद्ध हात वर केला. का, ते सांगतो. मी काही समीक्षक नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात उभा राहणारा माणूस. सिनेमा चौघांनी एका मोबाईलवर पाहिला, खालची इंग्रजी अक्षरं एकानं वाचून सांगितली.

'शॉपलिफ्टर्स', हिरोकाझू कोरे-एदाचा, २०१८चा. त्याच वर्षी कान महोत्सवात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. सरकारनं अभिनंदन करायचं ठरवलं तर यानं नको म्हणून कळवलं. आपले सत्कारवाले आठवले. जाऊ द्या.

टोकियोतलं एक मोडकं घर. म्हातारी हात्सुए आणि तिची पेन्शन. ओसामू बांधकामावर रोजंदारीनं जातो, नोबुयो लॉन्ड्रीच्या कारखान्यात. तरुण आकी. शोता नावाचा पोरगा, दुकानातनं माल उचलायला शिकवलेला. आणि थंडीत गॅलरीत कुडकुडणारी एक चिमुरडी, जिला हे घरी उचलून आणतात. रक्ताचं नातं कुणाचं कुणाशी नाही.

सगळे म्हणतात, काय करुणा आहे! मला आधी पगार दिसला. ओसामूचा पाय कामावर मोडतो, भरपाईचा पैसा मिळत नाही. लॉन्ड्रीत मालक नोबुयोला आणि तिच्या सोबतणीला सांगतो, दोघींतली एकच राहील, तुमचं तुम्ही ठरवा. दोस्तहो, हे 'तुमचं तुम्ही ठरवा' मी आमच्या खात्यात ऐकलंय. मालक सुरी चालवत नाही, ती आपल्याच हातात देतो. सोबतीण म्हणते, ती पोरगी मी पाहिलीय, काम मला सोड. नोबुयो सोडते. पोरीसाठी नोकरी जाते, आणि कुणी भाषण करत नाही.

एक जागा विसरता येत नाही. न्हाणीत पोरीच्या हातावर इस्त्रीचा डाग, नोबुयोच्या हातावरही इस्त्रीचाच डाग. तिला घरानं दिला, हिला कामानं. पोरगी गप हिचा डाग कुरवाळते. यापेक्षा मोठी कविता मला अजून जमलेली नाही.

पुढं पोलीस येतात. ते कागदावरची आई शोधतात. नोबुयो विचारते, जन्म दिला की आपोआप आई होता येतं का? माझा मुद्दा इथंच आहे. माणूस कुणाचा, हे जन्मावर ठरवायचं, हा धागा आपण चांगला ओळखतो. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच दाखवलं. मग जन्माबाहेर घर बांधणारी माणसं आपल्याला परकी कशी?

दिग्दर्शक या घराला देव्हाऱ्यात बसवत नाही, हे मला पटलं. म्हातारी मेल्यावर तिला घराखालीच पुरतात आणि पेन्शन उचलत राहतात. पोरगा पकडला गेला तर त्याला टाकून पळायला निघतात. माझ्या मित्राच्या हे नजरेतून सुटलं. चोरीचं उत्तर पोरानंच दिलंय. म्हातारा दुकानदार शोताला खाऊ देतो आणि एवढंच म्हणतो, बहिणीला हे करायला लावू नकोस. पुढं ती चोरायला जाते तेव्हा शोता तिला वाचवायला स्वतः माल घेऊन पळतो, उडी मारतो, पाय मोडून घेतो. हे त्याला कुठल्या पोलिसानं शिकवलं नाही.

आकी मात्र अर्धीच राहिली. बहिणीचं नाव घेऊन काम करणारी ही पोरगी मला आणखी पाहायची होती. नाव चोरावं लागणं काय असतं, हे बागुलांच्या वाचकाला सांगायला नको.

शेवटी कायदा पोरीला मारणाऱ्या आईकडंच पोचवतो. ती पुन्हा त्याच गॅलरीत, एकटी खेळत, कठड्यावरून बाहेर बघते.

रविवारी ठराव पुन्हा मतास येतोय. चादर मी आणतो. प्रोजेक्टरचं तुम्ही बघा.