टॉलस्टॉयचा अबलख आणि ‘माझा’ हा शब्द

टॉलस्टॉयची ‘खोल्स्तोमेर’ ही कथा आपल्या वर्गांतून बहुधा एका तंत्राचे उदाहरण म्हणून शिकविली जाते. विक्टर श्क्लोव्हस्की याने १९१७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात तिचा आधार घेतला, आणि सवयीने बोथट झालेली वस्तू अपरिचित करून दाखविणे हे कलेचे कार्य होय, असे प्रतिपादिले. कथेचा मोठा भाग एक म्हातारा, खच्ची केलेला अबलख घोडा कळपातील इतर घोड्यांस सांगतो. त्याच्या नजरेने पाहताच मालकी ही सर्वमान्य संस्था चमत्कारिक भासू लागते. हे विवेचन यथार्थ आहे. परंतु कथेचे मर्म त्यात पुरतेपणी सापडत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मालकीवरील अबलखाचे चिंतन मुळात भाषाविषयक आहे. तबेल्यातील एका मोतद्दारास फटके बसतात. त्या प्रसंगी तो ‘त्याचे शिंगरू’ असे शब्द ऐकतो आणि त्यांचा अर्थ त्यास लागत नाही. पुढे त्यास उमगते की, माणसे कृतीपेक्षा शब्दांनी अधिक जगतात आणि ज्यास्तव अधिकाधिक वस्तूंना ‘माझे’ म्हणता येईल तो सुखी, असे मानतात. जो त्यास ‘माझा’ म्हणतो तो त्यावर बसत नाही. जो त्यास दाणावैरण घालतो त्यास तो शब्द उच्चारण्याचा अधिकार नाही.

येथे मराठीचा एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. आपण ‘मला भाऊ आहे’ असे म्हणतो. ‘मला घोडा आहे’ असे मात्र म्हणत नाही, ‘माझ्याकडे घोडा आहे’ असे म्हणतो. नाते आणि मालमत्ता यांतील भेद आपली वाक्यरचना राखते. ‘माझा भाऊ’, ‘माझा घोडा’ या प्रयोगांत तोच भेद पुसला जातो. अबलखाचा आक्षेप नेमका या पुसलेल्या रेषेवर आहे.

तथापि कथा येथे संपत नाही. मालकीचा इतका कठोर टीकाकार असलेला हा घोडा आपल्या आयुष्यातील सर्वांत सुखाचा काळ कोणता म्हणून सांगतो? सेर्पुखोव्हस्कोय या देखण्या, उधळ्या हुसार अधिकाऱ्याच्या पदरी गेलेला. त्या धन्याने कोणावरच प्रेम केले नाही आणि पळून गेलेल्या प्रेयसीच्या पाठलागात घोड्यास बेफाम पिटाळून त्याचा कायमचा नाश केला. हे सारे जाणूनही अबलखाचे त्याच्यावरील प्रेम उणावत नाही. विचाराने त्याने ‘माझा’ हा शब्द खोडून काढला. अंतःकरणाने तोच शब्द जपून ठेवला. धन्याच्या लेखी ‘माझ्याकडे घोडा आहे’. घोड्याच्या लेखी मात्र ‘मला धनी आहे’. अश्वपालनातील सुख आणि दुःख या दोन्हींचे मूळ या विषम व्याकरणात आहे.

ही विषमता बाहेरून पाहणाऱ्यास सुचली नसती. टॉलस्टॉयने ही कथा १८६३ च्या सुमारास लिहावयास घेतली, १८८५ मध्ये ती पुन्हा हाती धरली आणि १८८६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मधल्या काळात समारा प्रांतातील आपल्या जमिनीवर त्याने स्वतः घोड्यांची पैदास केली होती. खोल्स्तोमेर हे नावही तबेल्याच्या भाषेतले आहे: कापड मापीत जावे तशी लांब, सरळ टाप टाकणारा. उत्तम वंशावळ आणि हा वेग असूनही केवळ रंगाने अबलख म्हणून तो नाकारला जातो. आणि धन्याच्या लाडक्या घोड्यास मागे टाकले, म्हणून विकला जातो. गुण हाच दोष ठरण्याची ही तऱ्हा जातिवंत जनावरांच्या बाजारात वावरल्याखेरीज कळणे कठीण.

वृद्ध, कफल्लक सेर्पुखोव्हस्कोय दुसऱ्याच्या घोड्यांच्या कळपाजवळून जातो, तो प्रसंग या दृष्टीने वाचावा. अबलख त्यास ओळखून क्षीणपणे खिंकाळतो. आपल्याकडेही असाच एक घोडा होता, एवढेच धन्यास आठवते. समोरच्या जनावरास तो ओळखत नाही. ‘होता’ या क्रियापदात त्याची मालकी संपली. घोड्याचे नाते संपलेले नाही.

अखेरीस अबलख मारला जातो. त्याचे कातडे, मांस, हाडेसुद्धा कोणाच्या तरी उपयोगी पडतात. सेर्पुखोव्हस्कोयचे प्रेत मात्र नवा गणवेष चढवून पुरले जाते, आणि त्याचा कोणास काही उपयोग होत नाही. हा शेवट उपदेशाकडे झुकतो, हे मान्य केले पाहिजे. मालमत्तेविरुद्धचा निबंध म्हणून कथा येथे जिंकते; कथा म्हणून तिचे बळ त्या दुर्बळ खिंकाळण्यात आहे.

विद्यार्थ्यांनी तंत्राचे नाव अवश्य लक्षात ठेवावे. परंतु अपरिचित दृष्टीने जग दाखविणारा हा निवेदक स्वतः एका अत्यंत परिचित भावनेत अडकलेला आहे, हे त्या नावाखाली झाकले जाऊ नये. ज्या शब्दाचे पोकळपण त्याने सिद्ध केले, तोच शब्द आपल्याविषयी एकदा तरी खरेपणाने उच्चारला जावा, याची तो अखेरपर्यंत वाट पाहत होता.